पुण्याजवळ फळबागा आणि नदीकाठचे शांत सायकल-रस्ते: कुठून जावं, कधी जावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही हडपसरला राहता, वय बेचाळीस, कॉलेजात जाणारी लेक सोबत असते आणि दोघींकडे नव्या रोड बाइक आहेत. रविवारी साठ ते ऐंशी किलोमीटर करायचेत, फळबागा आणि नदी बघायचीय. सोलापूर रस्त्यावर एक ट्रक अगदी हँडलला घासून गेला, तेव्हापासून हायवेची धास्ती बसलीय. मोबाइलवरचा नकाशा सांगेल त्या वाटेने जावं का, हे तुम्हाला कळत नाही. आणि लेकीला विचारायचंय की येताना फळं आणता येतील का.

मी १९९८ पासून या भागात सायकल चालवतेय. आधी साधी बिनगिअरची होती, नंतर गिअरची आली. हायवेची धास्ती मलाही आहे, आजही. ती घालवायच्या मागे लागू नका. मी हायवे टाळायलाच शिकले आणि त्यातून जे रस्ते सापडले ते सांगते.

पहिली गोष्ट, शांत रस्ता ओळखायचा कसा. ज्या रस्त्याने कुणाचा फेरा वाचतो, त्यावर आज ना उद्या गर्दी होतेच. दोन हायवे जोडणारा, टोलनाका चुकवणारा, एखाद्या एमआयडीसीच्या मागच्या फाटकाला लागणारा रस्ता कितीही हिरवागार दिसला तरी सोडून द्या. उलट जो रस्ता फक्त त्या चार गावांसाठी आहे, त्यावर त्या चार गावांचीच वाहनं असतात. नदीकाठचे रस्ते म्हणूनच चांगले. नदीवर पूल थोडे असतात. दोन पुलांच्या मधला काठाकाठाचा रस्ता परक्या माणसाच्या काहीच कामाचा नसतो. नकाशा उघडला की मी आधी निळी रेघ बघते, मग तिच्यावरचे पूल मोजते. दोन पुलांमधलं अंतर जितकं जास्त, तितका काठ शांत.

दुसरी खूण रस्त्यावरच असते. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता आणि केशरी म्हणजे ग्रामीण रस्ता. केशरी दगड दिसला की माझे खांदे आपोआप खाली येतात. बांधकाम खात्याच्या पाट्यांवर आणि नकाशांवर हीच उतरंड अक्षरांत असते: प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग, आणि ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग. तुम्हाला इजिमा आणि ग्रामा हवेत. इजिमावर डांबर बहुतेक धड असतं, ग्रामावर ते नशिबाचा भाग आहे.

आता मोबाइलचं. नकाशाचं ॲप दिशा कळायला उत्तम आहे, पण वाट ठरवायला त्याच्या हाती सगळं सोपवू नका. त्याला जवळची वाट कळते, डांबर की माती हे कळत नाही. एकदा ऑगस्टमध्ये यवतच्या पुढे मी त्याच्या सांगण्यावरून पाटाच्या कडेच्या वाटेला लागले. शे-दोनशे मीटरवर काळ्या मातीचा चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये असा काही बसला की चाक फिरेना. तीन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चालले. शेवटी एका मळ्यात मामांनी मोटार चालू करून पाइपने सायकल धुऊन दिली आणि म्हणाले, “ताई, पावसात पाटावर आम्हीपण बैल घालत नाही.” तेव्हापासून नियम केलाय: जून ते ऑक्टोबर पाटाचा रस्ता नाही, आणि अनोळखी फाट्यावर वळण्याआधी कुणाला तरी विचारायचं. “रस्ता आहे का?” असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी “हाय की” असंच येतं. “एसटी जाते का या रस्त्याने?” असं विचारा. जिथे एसटी जाते तिथे रोड बाइक जाते.

तुमच्या घरापासून सगळ्यात सोपी फेरी मुळा-मुठेच्या काठाची आहे. हडपसरहून मांजरी बुद्रुक, तिथून पुलाने पलीकडे मांजरी खुर्द, मग कोलवडी आणि साष्टे करत पुन्हा नदी ओलांडून थेऊर. पुढे हायवेला न लागता नायगाव, पेठ, कोरेगाव मूळ. कोरेगाव मूळला चहा घेऊन त्याच वाटेने माघारी. जाऊन येऊन साठच्या आसपास होतात आणि चढ जवळजवळ नाहीच. मांजरीपर्यंतचा पट्टा शहरी आहे, तो उजाडायच्या आत मागे टाकायचा.

मांजरीत जाताना लेकीला दोन फाटकं दाखवा. एक वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं, उसावर काम करणारं. दुसरं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं, १९९७ साली सुरू झालेलं. रसासाठीची ‘मांजरी मेडिका’ ही द्राक्षाची जात इथलीच, गावाचं नाव घेऊन गेलेली. पुढच्या तीस किलोमीटरमध्ये जे शेत दिसतं ते बहुतेक उसाचं असतं, मध्ये फुलशेती आणि भाजीपाला. मुठेच्या उजव्या कालव्याने आणि नदीवरच्या उपशाने हा पट्टा बागायती झाला.

नदीबद्दल खरं सांगायला हवं. पुण्याचं सांडपाणी घेऊनच ती इथवर येते. मार्चनंतर पाण्यावर जलपर्णीची गादी असते आणि पुलावर वास येतो. तरी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, पाणी वाहतं असताना, कोलवडी-थेऊरचा काठ सुंदर असतो. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून दहा मिनिटं उभं राहिलं तर बगळे, पाणकावळे, शराटी आणि खंड्या सहज दिसतात. मला ही नदी बघून दर वेळी वाईट वाटतं, आणि तरीही मी तिच्याकडे जातेच. थेऊरला चिंतामणीचं दर्शन घ्या, पण तिथेच परत फिरू नका. काठावरच्या घाटावर थोरल्या माधवराव पेशव्यांची आठवण आहे. १८ नोव्हेंबर १७७२ ला ते याच गावात वारले आणि रमाबाई इथेच सती गेल्या. मंदिराच्या आवारापेक्षा तो घाट खूप निवांत असतो. चतुर्थीला मात्र थेऊरच्या वाटेला जाऊ नका.

या पट्ट्यातला खरा धोका गाळप हंगामात असतो, साधारण ऑक्टोबरअखेर ते मार्च. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना रस्त्यावर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वर गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की तुमची घंटी ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. त्याला ओलांडायची घाई करायची नाही. ड्रायव्हरच्या आरशात तुमचा चेहरा दिसेल इतकं मागे राहा, सरळ रस्ता आणि समोर काही नाही याची खात्री झाली की उजवीकडून मोकळं अंतर ठेवून पुढे जा. दोघी एकामागोमाग, शेजारी-शेजारी नाही. चढावर त्याच्या मागे तर थांबूच नका, ओझ्याने ट्रॉली मागे येते किंवा कलंडते. रस्त्यावर सांडलेलं पाचट ओलं असलं की रोड बाइकच्या बारीक टायरखाली साबणासारखं घसरतं, त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि हँडलही वळवायचं नाही.

त्याच हंगामाची चांगली बाजू म्हणजे गुऱ्हाळं. ती बघायची तर पुढे दौंड तालुक्यात, राहू, पारगाव, केडगावच्या बाजूला जायला हवं. कढईतला रस आटताना दोन-दोन एकर दुरून वास येतो. गरम गूळ हातावर घेऊन खाल्ला आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं की पुढचे वीस किलोमीटर कसे गेले ते कळत नाही. वाटेतल्या रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. तिथे जायचं तर सायकली गाडीला लावून न्या, हडपसरहून चालवत जाणं तुम्हाला लांब पडेल.

फळबागा हव्यात तर मात्र पुरंदर. माझा जीव तिथे अडकलाय, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिते.

पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत येतो. मुळशी-मावळात पाऊस कोसळत असताना बोपदेव घाट चढून वर आलं की रस्ता कोरडा आणि ढग वरून नुसते पळत असतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, बाकी सगळे लोणावळ्याकडे धावतात तेव्हा, मी सासवडकडे जाते. याच कमी पावसाने आणि मुरमाड, चुनखडीच्या जमिनीने इथलं अंजीर गोड केलंय. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीताफळ तर त्याहून काटक, डोंगरउतारावर थोड्या पाण्यात येतं. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. ‘फुले राजेवाडी’ अंजीर आणि ‘फुले पुरंदर’ सीताफळ ही नावं बागवाल्यांच्या तोंडी ऐकाल.

जायचं बोपदेवने. दिवे घाट टाळा. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाने तो अवजड वाहनांचा आणि धुळीचा झालाय, आणि तसाही तो सासवडला जाणाऱ्या सगळ्या ट्रकांचा रस्ता आहे. बोपदेवलाही वाहनं वाढलीत, पण रविवारी सकाळी साडेसहाच्या आत येवलेवाडी सोडली तर घाटात सायकलवालेच जास्त भेटतात. चढ दमवतो. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे गिअरच्या चकत्यांच्या जुडग्यात, सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असेल तर बसूनच चढता येतो. दुकानातून आलेल्या सायकलीला २५ किंवा २८ दातच असतील तर बदलून घ्या, लेकीचे गुडघे वाचतील.

घाटमाथ्यानंतर भिवरी, बोपगाव आणि मग चांबळी. बहुतेक सायकलवाले इथून सरळ सासवडला जाऊन मिसळ खाऊन परततात. तुम्ही चांबळीला मुख्य रस्ता सोडा आणि हिवरे, कोडीत अशा आडव्या वाटेने जा. या रस्त्याने कुणाचाच फेरा वाचत नाही. दोन्ही बाजूंना सीताफळाच्या बागा, मध्ये वाटाण्याची शेतं, विहिरींवर सुगरणींचे खोपे, आणि डावी-उजवीकडे वळलात की पुरंदर आणि वज्रगड आलटून पालटून दिसत राहतात. कोडीत हे आचार्य अत्र्यांचं जन्मगाव. गराड्याकडून आलेली कऱ्हा इथे अगदी लहान आहे, पावसाळ्यात खळखळते आणि उन्हाळ्यात नुसते दगड उरतात. ती पुढे सासवडला चांबळीच्या ओढ्याला भेटते, तिथे संगमेश्वराचं मंदिर आहे. सायकली बाहेर ठेवून दगडी पायऱ्यांवर बसा. आत नंदीच्या बाजूला इतका गारवा असतो की एप्रिलमध्येही अंगावर काटा येतो. नंतर चहा-नाश्ता सासवडला करून परत बोपदेव. हडपसरपासून धरून ही फेरी ऐंशीच्या आत बसते. पहिल्या वेळी एवढंच करा.

दुसऱ्या वेळी सायकली गाडीने सासवडपर्यंत न्या आणि तिथून पूर्वेला निघा: वनपुरी, सिंगापूर, गुऱ्होळी. ही अंजिराची गावं. अंजिराचं झाड ठेंगणं, पानं खरखरीत, आणि बागेत शिरलं की एक हिरवट-गोडसर वास येतो जो मला दुसऱ्या कुठल्याच फळझाडाला आलेला आठवत नाही. अंजिराचे इथे दोन बहार घेतात. हिवाळ्यातला खट्टा बहार, आणि मार्च ते मे मीठा बहार. नावं खरी आहेत, उन्हाळ्यातलं अंजीर अधिक गोड. सीताफळ पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे जवळजवळ वर्षभर बागेत काही ना काही असतं.

परतताना उत्साह आणि पाय शिल्लक असतील तर सोनोरीला जा. गावामागे मल्हारगड आहे, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधलेला, महाराष्ट्रातला सर्वांत शेवटचा किल्ला म्हणून ओळखला जाणारा. सायकल गावात ठेवून वर चालत जाता येतं. त्या उंचीवरून खालचे बागांचे चौकोन बघितले की आपण सकाळभर कुठून फिरलो ते कळतं.

गुऱ्होळीहून वाघापूर, शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचन आणि मग नदीकाठाने घरी, अशी मोठी फेरी बरेच जण सुचवतील. कागदावर ती सुरेख दिसते. मला ती तुमच्यासाठी पटत नाही. वाघापूर ते उरुळी हा जेजुरीकडून येणाऱ्या मालवाहतुकीचा रस्ता आहे, आणि उताराच्या वळणांवर मागे ट्रक असताना नवखं माणूस ब्रेक घट्ट दाबून बसतं. वर्षभर सराव झाल्यावर जा. तेव्हा उरुळीत निसर्गोपचार आश्रम जरूर बघा, १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला.

एक गोष्ट बागांच्या रस्त्यांबद्दल कुणी सांगत नाही. आपण सायकलवाले समजतो की जितकं पहाटे तितकं शांत. शहरात ते खरं आहे. बागांच्या गावांत उलट. अंजीर पहाटे तोडतात, ऊन चढलं की ते मऊ पडतं. मग पिकअप भरून उजाडता उजाडता बाजाराकडे सुसाट सुटतात, अरुंद रस्त्यावर, वळणं तोंडपाठ असलेल्या हातांनी. माल वेळेत पोचला नाही तर त्यांचा दिवस वाया जातो, त्यांना दोष देता येत नाही. हंगामात सहा ते आठ या वेळेत तुम्ही मोठ्या रस्त्यावर किंवा घाटात असाल आणि बागांच्या रस्त्यांवर साडेआठनंतर शिराल अशी आखणी करा. साडेआठ ते अकरा तिथे इतकी शांतता असते की चेनचा आवाज ऐकू येतो. तोडणी आटोपून बायका बांधावर न्याहारीला बसलेल्या असतात, हाक मारतात, “या, भाकरी खायला.” खरंच बसा. मी बसते.

वनपुरीच्या बाजूला जायचं ते लवकर जा, असं मी सध्या सगळ्यांना सांगतेय. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव मेमाणे ही सात गावं प्रस्तावित विमानतळासाठी धरलेली आहेत. मी तिथल्या ज्या घरांत चहा घेतलाय, त्या घरांतल्या माणसांशी या विषयावर बोलताना शब्द सापडत नाहीत. तिथे कुणी बोलायला लागलं तर ऐका. आपण फिरायला आलोय, ते राहतायत.

पुरंदरला टाळायचे दिवसही सांगते. आषाढीची वारी: माउलींची पालखी दिवे घाटाने येऊन सासवडला मुक्काम करते, त्या दोन-तीन दिवसांत रस्ते वारकऱ्यांचे असतात आणि तसेच असावेत. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी कऱ्हास्नानाला निघते, तेव्हा जेजुरीची बाजू नको. गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपूरला दत्तदर्शनाची गर्दी. शिवाय प्रत्येक मोठ्या गावाचा आठवडे बाजार असतो, त्या दिवशी गावातून सायकल ढकलतच न्यावी लागते. वार हॉटेलात विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

पश्चिमेला मला एकच रस्ता मनापासून सुचवावासा वाटतो, पौडहून कोळवण खोऱ्यात जाणारा. वळकी नदीच्या कडेने कोळवण, हाडशी, जवण करत तो तिकोना पेठेला आणि पवनानगरला निघतो. इथे फळबागा नाहीत, भाताची खाचरं आहेत. पौडपर्यंतचा रस्ता सायकलला वाईट, तिथवर गाडीनेच जा. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडलेला असतो आणि शनिवार-रविवारी धबधब्यांच्या गाड्या येतात. ऑक्टोबरच्या शेवटी जा. भात पिवळं पडलेलं असतं, आंबेमोहोर असेल तर रस्त्यावरून जाताना वास येतो, आणि गाड्या सगळ्या घरी गेलेल्या असतात.

भोरकडे भाटघरच्या जलाशयाच्या काठाने वेळवंड खोऱ्यात शिरणारा रस्ता याहून शांत आहे, पण त्यावर सतत छोटे चढउतार आहेत आणि मध्ये दुकान सहज मिळत नाही. पाणी आणि खाणं सोबत घेऊनच जायला हवं. धरण १९२८ चं, त्याच्या भिंतीपासून आत जितके जाल तितकी वस्ती विरळ होते.

जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागा जानेवारी-फेब्रुवारीत बघण्यासारख्या असतात, मीनेच्या आणि कुकडीच्या काठचे रस्तेही सुरेख. मात्र तिथे आणि शिरूर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे, हे हलक्यात घेऊ नका. सायकलवर वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. त्या भागात सूर्य नीट वर आल्याशिवाय सुरुवात नाही आणि संध्याकाळी पाचच्या पुढे रस्त्यावर नाही. लेक सोबत असताना तर नाहीच.

आता सामानाचं. टायर २८ मिलिमीटरचे तरी हवेत, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ चे. गावच्या रस्त्यावर रंग न दिलेले गतिरोधक अचानक येतात, शाळा आणि देऊळ दिसलं की ते आहेतच असं धरून चाला. पंक्चरचं मुख्य कारण काच नाही, वेडी बाभूळ. शेताला कुंपण घालायला फांद्या ओढत नेतात तेव्हा काटे रस्त्यावर गळतात. असा पट्टा ओलांडला की थांबून टायरवर हातमोजा घातलेला हात फिरवायचा, रुतलेला काटा ट्यूबपर्यंत पोचायच्या आत निघतो. दोघींत मिळून तीन ट्यूब, एक पंप आणि काटा उपसायला छोटा चिमटा ठेवा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात तुमच्या व्हॉल्व्हला बसणारी हवेची नळी बहुधा नसते, म्हणून वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर आठवणीने घ्या.

कुत्रं मागे लागलं तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, मालकिणीच्या आवाजात “हाड!” म्हणा आणि चालत पुढे जा. त्याची हद्द संपली की ते स्वतःच थांबतं.

वाऱ्याचा हिशेब करा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो. पुण्याहून पूर्वेला जाताना वाटतं आपण फारच जोरात चालवतोय, आणि घरी येताना तोच वारा समोरून येतो. दुपारी तो वाढतो. पावसाळ्यात म्हणूनच अर्धी शक्ती संपायच्या बऱ्याच आधी परत फिरायचं.

दोघी बायकाच असता म्हणून हेही. स्वच्छतागृहासाठी थेऊर, नारायणपूर यांसारख्या देवस्थानांची सोय पेट्रोल पंपांपेक्षा बरी असते, फेरी त्या हिशेबाने आखा. एकट्या-दुकट्याने गेले तरी या गावांत मला कधी भीती वाटली नाही. पण आपण कुठे आहोत हे घरी एकाला तरी माहीत हवं. खोऱ्यांत नेटवर्क जातं, त्यामुळे कुठल्या गावातून किती वाजता फोन येईल ते आधीच सांगून ठेवते. गावात शिरताना वेग कमी करून “राम राम” घालायचा. एकदा ओळख झाली की पुढच्या खेपेला तेच लोक सांगतात की पुढचा रस्ता उखडलाय, इकडून जा.

आणि लेकीच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आणता येतात. कुंपणावरून हात घालून एकही फळ तोडायचं नाही, तिथे एकेका फळाचा हिशेब असतो आणि अंजिराचा चीक हाताला लागला तर खाजही सुटते. बांधावर कुणी दिसलं की “दादा, अर्धा किलो मिळतील का?” विचारा. बहुतेक देतात, वर दोन-चार जास्त घालतात. सीताफळ कडक असतानाच घ्या, डोळे नुकते उघडलेलं, आणि घरी कागदात गुंडाळून दोन दिवस ठेवा. जर्सीच्या मागच्या खिशात पिकलेलं ठेवलं तर बोपदेव उतरेपर्यंत त्याचा गर पाठीवर. अंजिरासाठी घरून पसरट डबा घेऊन जा. तळाशी अंजिराचंच पान, त्यावर देठ वर करून एकच थर, वर पुन्हा पान. असा डबा हँडलच्या पिशवीत ठेवला तर हडपसरपर्यंत एकही फळ फुटत नाही.